पाठीमागचे हात

मला शाळेत सगळे शिट्टीबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण माझे कान तिखट आहेत. मी खेळ शिकवते, गळ्यात शिट्टी असते, आणि ती मी गरजेपेक्षा जास्त वाजवते असं आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. गरज किती असते ते मैदानात उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि सर मैदानात येतात ते फक्त फोटो काढून घ्यायला. पण ते जाऊ दे. ही गोष्ट माझी नाही, मऊबाईची आहे.

मऊबाई म्हणजे आमच्या बालवर्गाची बाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं. कोणी रडत आलं की ती जवळ घेऊन लाडीगोडी करत बसत नसे, उपदेश तर नाहीच. नुसता एक हात पोराच्या पाठीवर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने आपलं काम चालू ठेवायची. थोड्या वेळाने पोर आपोआप गप्प व्हायचं आणि कशासाठी रडत होतो तेच विसरायचं. सुटलेल्या नाड्या, वाहणारी नाकं, दप्तराची अडकलेली चेन, डब्याचं घट्ट बसलेलं झाकण, दिवसभर त्या हातांना उसंत नसायची. घरी गेलं की मुलं सांगायची, आमच्या बाईंचे हात मऊ आहेत. खरं तर खडू आणि साबणाने ते हात चांगलेच खरखरीत झाले होते, पण मुलांना असल्या गोष्टी आपल्यापेक्षा वेगळ्या कळतात.

वयाने ती माझ्या लेकीएवढी. मला ताई म्हणते. हिशेबाने मावशी म्हणायला हवं, पण मी कधी तिची चूक दुरुस्त केली नाही. फुकटात वय कमी होत असेल तर कशाला नको म्हणा.

यंदा तळमजल्यावरच्या भिंतींना ओल आली आणि बालवर्ग वरच्या मजल्यावर न्यायचं ठरलं. मी सरांशी भांडले. एवढीएवढीशी पोरं रोज जिना चढणार-उतरणार, हे काय डोकं आहे, म्हटलं. सर शांत माणूस. त्यांनी सुताराला बोलावून जिन्याच्या कठड्याखाली, मुलांच्या उंचीला, आणखी एक लाकडी दांडा बसवून घेतला. तो इतका गुळगुळीत घासून घेतला की हात ठेवला तर सुळकन घसरत जावा. मग शाळेत येईल त्याला ते तो दांडा दाखवत सुटले. मीही मनातल्या मनात मान्य केलं की दांडा चांगला आहे. तोंडाने नाही केलं.

वर्ग वर गेला आणि मऊबाई बदलली. आधी ती मैदानात यायची तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पोरं लोंबकळत असायची. आता ती रांगेच्या अगदी शेवटी, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उतरायची. नुसते मागे घेतलेले नाहीत, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च आवळलेलं. मी रोज जिन्याच्या पायथ्याशी उभी असते, त्यामुळे मला सगळं दिसायचं. खाली पोचल्यावर ती मनगट सोडायची तेव्हा तिथे नखांच्या लाल खुणा असायच्या. मला वाटलं, काही चावलं असेल, पुरळ आलं असेल. माणूस स्वतःच्या सोयीचं कारण लगेच शोधतो.

मग एक दिवस तिने मला विचारलं की, ताई, तुम्ही वर येऊन मुलांना खाली घेऊन जाल का. मी म्हटलं, अगं, तुझं वय काय, माझे गुडघे काय, काही ताळमेळ आहे का. ती कसनुसं हसली आणि पुन्हा विचारलं नाही.

पण खरी गंमत मुलांनी केली. थोड्याच दिवसांत अख्खा बालवर्ग हात पाठीमागे बांधून जिना उतरू लागला. एकामागून एक, हनुवटी वर, मनगट पकडलेलं, चेहरे गंभीर. जणू सगळे साहेब तपासणीला निघालेत. सरांचा गुळगुळीत दांडा बाजूला शोभेला. पाहणाऱ्यांना ते फार शिस्तीचं वाटायचं, एका पालकांनी तर कौतुकही केलं. माझं डोकं फिरलं. जिन्यावर पोराचे हात मोकळे हवेत, हे सांगायला मी तिथे असायला लागते का? मी एका पोराला पकडून विचारलं की हे कोणी सांगितलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच ढ. म्हणाला, सांगितलं कोणीच नाही, बाई असंच उतरतात.

स्टाफरूममध्ये मी मऊबाईला चांगलं फैलावर घेतलं. तू करशील तेच ती करणार, एवढी वर्षं हेच शिकवतेस ना, म्हटलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. उद्यापासून नाही होणार, एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कोटाच्या खिशात हात घालून उतरली. मग काय, ज्यांना खिसे होते त्यांनी खिशात हात घातले, आणि ज्यांना नव्हते त्यांनी पुढच्याच्या खिशात. जिन्यावर नुसता गुंता झाला. त्यानंतर हात परत पाठीमागे गेले, आणि मी तोंड फुगवून बसले.

त्या वर्गात एक बटण आहे. म्हणजे मुलगीच, पण इतकी छोटी आणि इतकी गोल की तिच्या आजोबांनी बटण म्हटलं आणि तेच चिकटलं. मऊबाईवर तिचा एवढा जीव की ती रांगेत नेहमी शेवटून पहिली असायची, बाईंच्या अगदी पुढ्यात. हात मागे बांधायची तर तीही बाईंसारखेच, उजव्याने डावं मनगट. पुढे कोणी उलटं धरलं तर ती रांगेतून पुढे जाऊन त्याला सुधारायची.

आठवड्याच्या सुरुवातीची गोष्ट. रांग खाली येत होती, पुढची मुलं माझ्यापाशी पोचली होती. बटण जिन्याच्या वरच्या टप्प्यावर होती. तिच्या बुटाची नाडी सुटलेली मला दिसली, आणि दिसली न दिसली तोच दुसरा पाय त्या नाडीवर पडला. ती तशीच पुढे कलली. हात पाठीमागे. टेकायला काही नाही, धरायला काही नाही. माझ्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायचंही सुचलं नाही.

मऊबाईचे हात पाठीमागून कधी सुटले ते मी पाहिलं, पण सांगता येणार नाही इतकं ते झटक्यात झालं. एक हात कॉलरला, एक हात पोटाखाली, आणि बटण हवेत. पुढच्या मुलांना धक्कासुद्धा लागला नाही. बटणला तो खेळच वाटला. ती खिदळत म्हणाली, "बाई, परत."

मऊबाईने तिला पायरीवर उभं केलं. तिची नाडी बांधली नाही. हे मला खटकलं, कारण सुटलेली नाडी दिसली आणि तिने बांधली नाही असं कधी झालं नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि आपले हात असे बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. मी मुलांना मैदानात नेलं. मनात म्हटलं, घाबरली बिचारी, मधल्या सुट्टीत पाठ थोपटू.

मधल्या सुट्टीत ती वर्गात नव्हती. सरांनी मला बोलावलं होतं. सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मऊबाई येऊन गेली होती. आठवडा संपला की नोकरी सोडते म्हणाली. कारण विचारलं तर म्हणाली, त्या मुलीला मी ढकललं नाही अशी माझी खात्री नाही.

मी सरांना सांगितलं की ढकलायचं काय घेऊन बसलात, तिने वाचवलं, मी या डोळ्यांनी पाहिलं. सर म्हणाले, मग ती असं का म्हणते? मी म्हटलं, मी विचारते तिला. ते म्हणाले, जरा हळुवारपणे विचारा. मी हळुवारच असते, म्हटलं. सरांनी छताकडे पाहिलं.

ती मला खेळाच्या सामानाच्या खोलीत सापडली. रडायचं असलं की आमच्याकडे मुलं तिथेच जातात, गाद्यांच्या ढिगामागे. ती एका हवा गेलेल्या चेंडूवर बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि समोरच्या गादीवर बसले. माझे गुडघे वाजले. एरवी ती यावर हसली असती.

"ताई, तुम्ही खाली होतात," ती म्हणाली. "मी तिला ढकललं का?"

"नाही. नाडीवर पाय पडला, ती कलली, मग तू धरलंस. याच क्रमाने."

"नक्की?"

"नक्की."

मग ती बोलायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. वर्ग वर गेला त्या पहिल्याच दिवशी ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, समोर मुलांची रांग, आणि तिच्या डोक्यात आलं की एक धक्का दिला तर? तेवढंच. कुठून आलं ते कळलं नाही. पण ते तिच्याच आवाजात आलं, असं ती म्हणाली. तिला दरदरून घाम फुटला. चांगल्या माणसाच्या मनात असं येईल कसं? आलं म्हणजे आत खोल कुठेतरी तसं काही असणार. आज नुसतं मनात आलंय, आपण लक्ष ठेवलं नाही तर उद्या हात ते करतीलही. म्हणून तिने हातांवर पहारा बसवला. सगळ्यात मागे राहायचं, मनगट धरायचं, उतरताना मनातल्या मनात पाढे म्हणायचे, विचार आत शिरायला फटच ठेवायची नाही. आणि जितका पहारा कडक, तितका तो विचार हटकून हजर. आधी जिन्यावर यायचा, मग वर्गात कात्री हातात घेतली की यायचा, आणि आता घरीसुद्धा.

घरी तिची आई असते, दोघीच. लहानपणापासून आईचं एक वाक्य होतं की, असं मनातसुद्धा आणू नये. कशाला नाही म्हणायची ते विचारा. परीक्षेची भीती वाटली, मनातसुद्धा आणू नये. कोणाचा राग आला, मनातसुद्धा आणू नये. आई प्रेमळ आहे, तिचा हेतू काही वाईट नव्हता. आमच्याही घरी हेच म्हणायचे. पण मी पडले उद्धट, मी हटकून आणायची. ही गुणी पोर, हिने ते अक्षरशः पाळायचं ठरवलं, आणि मन म्हणजे काय, आपण बांधू त्या दावणीला उभं राहणारं जनावर आहे का?

आईला गरम चहाचा कप हातात द्यायचंही तिने सोडून दिलं होतं. कप टेबलावर ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. न जाणो, हात काय करतील. आईला वाटत होतं, मुलगी आपल्यावर रागावलीय. तिने विचारलंही होतं, माझं काही चुकलं का गं. आणि ही स्वयंपाकघरात निघून गेली होती.

हे ऐकून मला काय झालं असेल? मला हसू आलं. खरंच आलं. सरांकडून निघाल्यापासून मी मनातून धास्तावले होते की हिला काही मोठा आजार तर नाही, आणि निघालं हे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. माझ्या लेकीने असं तोंड करून माझ्याकडे पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, असं मनात आलं.

"हे बघ," मी म्हटलं, "आपले चित्रकलेचे सर गेले तेव्हा अख्खी शाळा मैदानात श्रद्धांजलीला उभी होती, आठवतं? टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्यांच्या पत्नीही आलेल्या. आणि माझ्या गळ्यात ही शिट्टी. माझ्या डोक्यात आलं, आत्ता वाजवली तर? ओठ शिवशिवले माझे."

ती बघत राहिली. मग मी पुढचंही सांगितलं. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. लपवायचं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं काही आहे असंच कधी वाटलं नव्हतं. नातू झाला तेव्हा लेकीच्या घरी गॅलरीत मी त्याला घेऊन उभी होते. तिचं घर बरंच वर आहे. खाली रस्ता, गाड्या काड्यापेटीएवढ्या. आणि मनात आलं, हात सोडले तर?

तिने विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? म्हटलं, काय पण डोकं दिलंय देवाने. त्याची टोपी नीट केली, आत गेले आणि विचारलं, चहा टाकताय का कोणी."

"आणि तो विचार?"

"गेला असेल. मी काही त्याला पोचवायला दारापर्यंत गेले नाही."

तिने चेंडूची शिवण नखाने उकरली. मग हळू आवाजात म्हणाली की, तुम्हाला असं नाही वाटलं की आपण आतून वाईट आहोत? मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझं डोकं दिवसभर वाट्टेल ते बरळत असतं, त्याचं मी ऐकायला लागले तर संपलंच. मी त्याला फार मान देत नाही. हातांना देते. चाळीस पोरांच्या मागे धावताना हेच हात कामाला आले, डोकं नेहमी मागून येतं.

बोलता बोलता माझं मलाच कळलं की विचार दोघींचा तोच होता. मी त्याला उंबऱ्यावरूनच सोडून दिलं, आणि हिने त्याला आत घेऊन, खुर्ची देऊन, त्याची उलटतपासणी सुरू केली. मग तो कशाला उठतोय? यात माझा काही मोठेपणा नाही. मी मुळातच स्वतःला फारसं मनावर घेणारी नाही. ती प्रत्येक गोष्ट मनावर घेते, म्हणून तर त्या वर्गात तिच्यासारखी बाई मिळायची नाही.

"पण ताई, नक्की मी ढकललं नाही ना?"

"नाही."

"म्हणजे आधी ती कलली आणि मग माझे हात..."

मी पुन्हा सगळं सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर सैल झाला आणि लगेच परत आवळला. मला दिसत होतं की पुढचा प्रश्न तयार होतोय. मी म्हटलं, "आता परत विचारलंस तर बघ." तिने तोंड उघडलं. "पण नक्की..." आणि मी शिट्टी वाजवली. बंद खोलीत ती अशी काही वाजली की दोघींच्या कानांत दडे बसले, आणि दाराबाहेर काहीतरी धप्पकन पडलं.

दार उघडलं तर सर. हातातली फाइल खाली पडलेली, कागद पसरलेले. इकडून जात होतो, म्हणाले. त्या खोलीच्या पुढे भिंत आहे, तिथून कोणी कुठे जात नाही. मी तसं म्हणणार होते, पण सरांचा चेहरा पाहून गप्प बसले. ते वाकून कागद गोळा करत होते आणि आमच्याकडे न बघता बोलत होते. दर वर्षी स्नेहसंमेलनात, म्हणाले, प्रमुख पाहुणे माझ्या शेजारी बसतात. मागच्या वेळचे ते गृहस्थ केसांचा टोप घालायचे. दोन तास माझ्या मनात एकच. ओढला तर? मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो होतो. एवढं बोलून ते फाइल छातीशी धरून निघून गेले.

मऊबाईच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं परत रडतेय. ती हसत होती. रडतही होती, पण हसत होती.

मग मी तिला तिच्याच कामातलं विचारलं. वर्गात ते एक पोर नाही का, जे मनासारखं झालं नाही की जमिनीवर लोळण घेऊन खोटं खोटं भोकाड पसरतं? त्याचं तू काय करतेस? ती नाक पुसत म्हणाली, काही नाही. त्याला लागणार नाही एवढं बघते आणि बाकीच्यांना शिकवत राहते. त्याला बाहेर का नाही काढत? बाहेर काढलं तर जास्त रडतं. समजूत का नाही घालत? मग रोज रडेल. आणि शेवटी काय होतं? उठतं आणि रांगेत येऊन बसतं.

 चेंडूवर बसलेली ती पोर आपल्याच उत्तराकडे बघत बसली.

एका बोलण्याने असलं काही बरं होत नाही, एवढं मलाही कळतं. मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं, आणि ती गेली, अजूनही जाते. त्या डॉक्टरबाईंनी मी सांगितलं तेच सांगितलं म्हणे, फक्त शिट्टी न वाजवता. पण त्या दिवशी प्रश्न आठवड्याअखेरीचा होता. नोकरी सोडायची का, ते तिने मला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी जिना उतरताना तुम्ही पुढे राहा, अशी तिने गळ घातली. मी नाही म्हटलं. म्हटलं, मी माझ्या जागी असेन, खाली. तुझ्या जागी तू ये. तिला हे कठोर वाटलं असेल. पण मी वर जाऊन मुलं ताब्यात घेतली असती तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की मलाही त्या हातांची भीती वाटते. ती मला वाटत नव्हती, क्षणभरही नाही.

मधल्या दिवसांत ती जिन्यावर आली नाही. सर स्वतः मुलांना खाली आणायचे, दांड्यावर हात ठेवून दाखवत. मुलं सरांकडे आदराने बघायची आणि हात पाठीमागेच ठेवायची. एका सकाळी मऊबाईने मला सांगितलं की काल आईच्या हातात कप दिला. कप बशीवर नुसता खडखडत होता. आई म्हणाली, सांडशील. मग म्हणाली, गेला का राग? हिने आईला सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली, आणि नेहमीचं वाक्य बोलण्याऐवजी म्हणाली, तुझे बाबा आजारी होते तेव्हा माझ्या मनात काय काय यायचं. पुढे दोघींनी थंड झालेला चहा प्यायला. हे सांगताना मऊबाई माझ्याकडे बघत नव्हती, कोणाच्या तरी दप्तराची चेन ओढत होती.

आठवड्याचा शेवटचा दिवस. खेळाचा तास. मी पायथ्याशी उभी राहिले. काळजी करायचा माझा स्वभाव नाही, तरी मी शिट्टीची दोरी बोटाला इतकी गुंडाळली की बोट निळं पडलं. वरून पावलं वाजली. आज ती रांगेच्या पुढे होती. मागे अख्खा वर्ग, हात पाठीमागे, हनुवट्या वर. बटणने रांगेतली आपली शेवटची जागा सोडली होती आणि ती बाईंच्या मागोमाग दुसरी उभी होती.

मऊबाई जिन्याच्या तोंडाशी थांबली. तिचेही हात पाठीमागेच होते.

"मुलांनो, हात सोडा," ती म्हणाली. "एक हात दांड्यावर."

कोणी हललं नाही. मुलं तिच्या पाठीकडे बघत होती. मग बटण म्हणाली, "बाई, तुमचेपण?"

 मला वाटलं, ही आता मागे फिरते. मी काही बोलू शकले असते, पण पहिल्यांदाच मला वाटलं की आपण तोंड बंद ठेवावं. मग तिने मनगट सोडलं. दोन्ही हात पुढे आले. एक तिने दांड्यावर ठेवला. तो दांडा मुलांच्या उंचीचा, त्यामुळे तिला वाकावं लागलं. वरचा कठडा तिला सुचलाच नाही. मागे अख्ख्या रांगेचे हात सुटले आणि दांड्यावर आले.

मी खालून विचारलं, "आला का?"

"आला, ताई."

"मग?"

 ती मागे वळून, रांगेच्या पार टोकाकडे बघत, वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "तू सगळ्यात शेवटी उभा राहा. आणि ढकलाढकली करायची नाही."

सगळी मुलं मागे वळून बघायला लागली. शेवटी कोण आहे, नवीन मुलगा आहे का, दिसत कसा नाही, असे प्रश्न सुरू झाले. आहे एक हट्टी, ती म्हणाली, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, येईल आपला आपण.

आणि ती उतरायला लागली. एकेक पायरी, वाकलेली, एक हात दांड्यावर, दुसरा रिकामा, शरीरापासून जरा लांब धरलेला. बटणने तो रिकामा हात पाहिला आणि काही न विचारता आपला हात त्यात दिला. मऊबाई दचकली. पण तिने हात काढून घेतला नाही.

अर्ध्यात आल्यावर बटण थांबली, म्हणून सगळी रांग थांबली. तिने बाईंचा हात उलटा करून बघितला.

"बाई, तुमचा हात ओला आहे," ती म्हणाली.

मग तिने तो हात आपल्या फ्रॉकला नीट पुसला, तळवा, मग बोटं, आणि पुन्हा धरला.